आधी रांगा की आधी शक्यता?

"दिलेल्या अटींमध्ये उत्तर शक्य नाही," संगणकाने ड्युटीताईला चौथ्यांदा सांगितलं.

बस डेपोत चालकांच्या ड्युट्या लावण्यात तिची एकोणीस वर्षं गेली होती, म्हणून हे नाव. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या मुलीची परीक्षा, असे नव्वद चालक सांभाळून ती रोज तक्ता लावायची आणि एकही गाडी अडायची नाही. आहे त्या माणसांत, आहे त्या वेळात काम बसवायचं एक रीतसर शास्त्र आहे, त्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात, हे कळल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी तिने त्याच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. दोन वर्षांत कुठल्या सत्रात कोणते विषय घेणार, याचा आराखडा आज पाचच्या आत द्यायचा होता. नाही दिला तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. डेपोच्या साहेबांनी शिकायची परवानगी तोंड वाकडं करून दिली होती, ती पुन्हा मिळायची नव्हती.

"म्हणजे कुणीतरी आडवं पडलंय," असं म्हणून तिने घरच्यांकडे पाहिलं. कारण विषयांच्या अटींबरोबर घरच्या अटीही तिने प्रामाणिकपणे संगणकात भरल्या होत्या.

"आई, बुधवारी तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचं असतं. दुसरा वार चालेल?"

"अगं, गुडघा बरा होऊन चार महिने झाले," सासूबाई म्हणाल्या. "तेवढंच तुला घर आणि डेपो सोडून बाहेर पडायला मिळतं म्हणून मी येत होते."

"आणि मी तुमच्यासाठी येत होते!"

"मग दोघी मिळून त्या बिचाऱ्या डॉक्टरचं डोकं खात होतो म्हणायचं." सासूबाईंनी बुधवार सोडून दिला.

"अहो, शुक्रवारी तुम्हाला कामावर उशीर होतो, म्हणून मी घरी थांबते. तो शुक्रवार..."

नवरा उगाच पंख्याकडे बघायला लागला. "उशीर असा होत नाही. आम्ही चौघं जरा पत्ते खेळतो."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली असतील."

शुक्रवारही सुटला. पत्त्यांचं काय करायचं ते ड्युटीताईने आराखडा झाल्यावर बघायचं ठरवलं. रविवारचं एकत्र जेवण सासूबाईंनीच खोडलं आणि घर साफ मोकळं झालं. तिने पुन्हा कळ दाबली.

"दिलेल्या अटींमध्ये उत्तर शक्य नाही."

"बघ, आम्ही आडवे पडलो नव्हतो," नवरा छाती फुगवून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

आता संशयित एकच उरला, विद्यापीठातल्या विभागाची नियमपुस्तिका. डेपोत तक्ता अडला की ती करायची तेच तिने केलं. एकेका विषयावर बोट ठेवून विचारलं, तू कुणासाठी थांबलायस बाबा? 'रांगांचं गणित' घ्यायचं तर आधी 'शक्यतांचं गणित' पास व्हायला हवं. आणि 'शक्यतांचं गणित' घ्यायचं तर? आधी 'रांगांचं गणित'. दोन्ही विषय सक्तीचे. तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं, पर्स उचलली आणि तरातरा निघाली.

"ते असंच आहे, मॅडम," विभागातला लिपिक मान वर न करता म्हणाला. "पुस्तिका तीस वर्षांची आहे."

"मग आजवर मुलं पास कशी झाली?"

"सवलतीचा अर्ज असतो ना, छापीलच आहे. सगळे भरतात, सर सही करतात."

"द्या मग एक."

"यंदापासून सवलती बंद. वरून पत्र आलंय. आराखडा नियमात बसला तरच शिक्का."

"नियमात कुणाचाच बसणार नाही. म्हणजे यंदा वर्गच भरणार नाही?"

लिपिकाने या बाजूने विचार केला नव्हता. तोवर शेवटच्या घटकेला उगवणारी पंधरा मुलं आली, त्यांनाही हे समजलं आणि रांग पार जिन्यापर्यंत गेली. गलका ऐकून विभागप्रमुख बाहेर आले.

"सर, तुमच्या दोन बस अरुंद पुलावर समोरासमोर उभ्या आहेत," ड्युटीताई म्हणाली, "आणि दोघींना हुकूम आहे, आधी समोरची जाऊ द्या."

"अशक्य! या पुस्तिकेवर पाच प्राध्यापकांच्या सह्या आहेत."

"सह्या आहेत हो. वाचलेली दिसत नाही कुणी."

तिने कागदावर दोन गोल काढले आणि मधे दोन बाण. सरांनी कागद सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. बाण काही हलेनात.

"समिती बोलवावी लागेल. पुढच्या महिन्यात..."

"पाचला बारा मिनिटं आहेत, सर. छपाईची चूक विभागप्रमुखांनी दुरुस्त करावी, असं शेवटच्या पानावर आहे. तेही मी वाचलंय. शक्यता आधी, रांगा नंतर. एक ओळ खोडा, पूल मोकळा."

सरांनी ओळ खोडली, सही ठोकली. ड्युटीताईच्या आराखड्यावर पहिला शिक्का बसला आणि जिन्यावरून शिट्ट्या आल्या. पण ती थांबते कसली! "फॉर्म भरलेले डावीकडे, बाकीचे उजवीकडे! पेन तयार ठेवा!" पाच वाजायला एक मिनिट असताना सोळावा शिक्का पडला. एकोणीस वर्षांत एवढी मजा तिला कधी आली नव्हती, आणि तिने ती लपवलीही नाही.

सगळे पांगल्यावर सरांनी तिला हळूच बाजूला घेतलं.

"मॅडम, मीसुद्धा याच पुस्तिकेवर एम.एस्सी. झालो. सवलतीच्या अर्जावरच झालो असणार. म्हणजे नियमाने पाहिलं तर माझं शक्यतांचं गणित..."

"राहिलंय, सर."

"काय करावं म्हणता?"

"सोमवारी साडेपाचला तास आहे. शिकवतं कोण?"

"मीच," सर म्हणाले.

"मग वेळेवर या," ड्युटीताई म्हणाली. "हजेरी मी घेते."