पंचांनी ठरवलेला रंग

"हा काय रंग झाला? ओटा पुसायचं फडकं बरं याच्यापेक्षा."

सोफ्याच्या कोपऱ्यातून पुटपुटणं आलं आणि दारात चप्पल काढता काढताच सूनबाईने ओळखलं, की राष्ट्रीय संघाच्या नव्या जर्सीचं अनावरण झालेलं आहे. ती रंगांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. सकाळपासून एका बाईंना तिने क्रीम, फिकट क्रीम आणि त्याहून फिकट क्रीम दाखवलं होतं, आणि बाई शेवटी 'यांना विचारून सांगते' म्हणून निघून गेल्या होत्या. रंग या विषयावर आता तिला एक शब्दही नको होता.

"राखाडी!" सासरे म्हणाले. "आपल्या संघाला राखाडी जर्सी! सूनबाई, तू रंगातली माणूस. राखाडीच आहे ना?"

टीव्हीवर कर्णधार नवी जर्सी घालून हसत होता. जर्सी निळी होती. स्वच्छ, आकाशी निळी. क्रीमवाल्या बाईंनासुद्धा 'यांना' न विचारता कळली असती. सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेकाने मोबाइलकडे पाहिलं.

"राखाडीच," सूनबाई म्हणाली. "जराशी निळसर छटा..."

"छटाबिटा नको. आहे की नाही?"

"आहे, बाबा."

हे साधेसुधे सासरे नव्हते. हे अंपायर होते. उभी हयात क्लबच्या सामन्यांत पांढरा कोट घालून उभे राहिलेले. आजूबाजूला सगळे त्यांना 'पंच'च म्हणत. पंचांच्या निर्णयावर वाद घालायचा नाही, हा नियम मैदानावरून घरात कधी शिरला ते कुणालाच आठवत नव्हतं. आमटी खारट म्हणाले की ती खारट असायची. मग सासूबाईसुद्धा पहिला घास घेऊन तोंड वाकडं करायच्या.

अलीकडे मात्र पंचांची साखर कपाऐवजी बशीत पडू लागली होती. परवा तर खुंटीवरच्या रेनकोटला त्यांनी "या, बसा ना" म्हटलं. सासूबाई न बोलता साखर आधीच घालून ठेवू लागल्या. लेकाने रेनकोट कपाटात टाकला. डोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. ज्या माणसाची सगळी अब्रू नजरेवर उभी, त्याला हे सांगणार कोण?

"टीव्हीचं काहीतरी बिनसलंय बाबा," लेकाने त्यातल्या त्यात सोपी वाट काढली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. "टीव्ही तर झकास आहे, काका," असं तो म्हणतोय तोवर लेकाने त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि तो त्याच्या कानात काहीतरी कुजबुजला. मेकॅनिक बाहेर आला तो वेगळाच माणूस होऊन. "बराच बिघाड आहे," म्हणाला आणि दिसेल ते बटण दाबत सुटला.

"आता?"

"राखाडी."

"आता बघा?"

"राखाडीच. तुम्हाला काय दिसतंय?"

"राखाडी," मेकॅनिक घाम पुसत म्हणाला.

तो गेला तेव्हा गवत नारिंगी झालं होतं आणि खेळाडूंचे चेहरे वांग्यासारखे. त्यानंतर घराने सगळं क्रिकेट नारिंगी गवतावर पाहिलं. सूनबाईचं डोकं ठणकायचं. पण बटणाला हात लावायचा म्हणजे बोलावं लागलं असतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण शेजारचा थर्डमॅन आला. कुणाच्याही घरी तो आत येऊन बसत नसे, दाराच्या चौकटीला टेकून कडेलाच उभा राही, म्हणून हे नाव. संघाच्या चाहत्यांचा ग्रुप तो चालवायचा. आज अंगात कोरी करकरीत नवी जर्सी होती.

"पंच, कशी वाटते?"

"राखाडी आहे. तुला नाही वाटत?"

थर्डमॅनने मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हो की! दुकानाच्या लाइटमध्ये निळी वाटली हो."

त्याने चौकटीतूनच ग्रुपवर टाकलं, 'पंचांचा निर्णय. जर्सी राखाडी.' संध्याकाळपर्यंत निम्म्या ग्रुपला राखाडी दिसायला लागलं. एकाला कॉलर नर्सबाईंची वाटली. एकाला पट्टे बघून आपला पायजमा आठवला, आणि त्याने पायजम्याचा फोटोही टाकला. एकजण म्हणाला, या रंगात झेल सुटणारच. ज्याने 'अहो, निळी आहे' असं लिहिलं त्याला 'तू पंचांपेक्षा शहाणा का?' असं विचारून ग्रुपमधून काढलं. त्याने दुसरा ग्रुप काढला. मग दोन्ही ग्रुपांत एवढी जुंपली, की सख्खे साडू एकमेकांचे फोन उचलेनात.

तोडगा थर्डमॅननेच काढला. रविवारी मैदानात सामना. नव्या जर्सीवाले विरुद्ध जुन्या जर्सीवाले. फिकट निळे विरुद्ध गडद निळे.

"आणि अंपायर?" सूनबाईने धास्तावून विचारलं.

"हे काय विचारणं झालं, वहिनी? आपले पंच!"

घरात कुणी कुणाशी ठरवलं नाही, पण तिघेही कामाला लागले. चेंडू खरा होता, कातडी. थर्डमॅनचा पुतण्या सरळ आणि दणकून मारायचा, आणि सरळ म्हणजे जिथे अंपायर उभा असतो तिकडे. सासूबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा गुडघा दुखतोय ना?" पंच म्हणाले, "तुझा दुखतोय." सूनबाई म्हणाली, "ऊन फार आहे, बाबा." पंच म्हणाले, "टोपी आहे." लेकाने पांढरा कोट धुलाईच्या टोपलीत तळाशी दडपला आणि तो सापडत नसल्याचं जाहीर केलं. पंच म्हणाले, "मग पांढरा शर्ट घालतो." आणि घातला. उलटा. शिवणी बाहेर. तेही कुणी सांगितलं नाही.

सामना सुरू झाला. चौथा की पाचवा चेंडू पुतण्याने असा ठोकला, की तो पंचांच्या कानाला वारा घालत सीमेबाहेर गेला. पंच तसूभर हलले नाहीत.

"बघा!" थर्डमॅन ओरडला. "याला म्हणतात छाती!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते का हलले नाहीत, हे सीमारेषेवरच्या तीनच माणसांना कळलं.

पुढच्या चेंडूवर कुणीतरी उगाच ओरडलं आणि पंचांनी बोट वर केलं. चेंडू बॅटला लागलेला नव्हता. पॅडला लागलेला नव्हता. यष्टिरक्षक तर खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. पुतण्याने एकदा पंचांकडे, एकदा काकाकडे पाहिलं आणि मान खाली घालून निमूटपणे चालू लागला.

सूनबाईने पाण्याची बाटली उचलली आणि ती थेट मैदानात शिरली.

पंच घोटभर पाणी प्यायले. थोडं हनुवटीवरून शर्टावर ओघळलं.

"मघाचा चेंडू किती जवळून गेला गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कानाजवळून."

"हं. आवाज आला." त्यांनी टोपी सारखी केली. "सूनबाई, एक सांगू? समोर धडधडीत दिसत असलं तरी अंपायर आपणहून कुणाला बाद देत नाही. कुणीतरी अपील करावं लागतं. तसा नियमच आहे."

"हो, बाबा."

"हो बाबा काय? किती दिवस विचारतोय मी सगळ्यांना. राखाडीच ना, राखाडीच ना? तुला विचारलं. टीव्हीवाल्याला विचारलं. तो थर्डमॅन तर अंगात घालून आला होता, त्यालाही विचारलं. सगळे आपले हो म्हणतात." त्यांनी बाटली परत द्यायला हात पुढे केला, तो तिच्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत गेला. "अपील करायला एक माणूस नाही माझ्या घरात."

सूनबाईने तो हात धरला. सीमारेषेवर तिचा नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. नवा फलंदाज बॅट आपटत ताटकळला होता. फिकट निळे आणि गडद निळे, सगळेच पंचांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबा, जर्सी निळी आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून निळीच आहे. तुम्हाला दिसत नाहीये."