दुपारी एक ते चार

उड्डाण तपासणी कार्यालयातल्या साहेबांनो, तुम्ही खोटारडे आहात! तुमची नोटीस माझ्यासमोर पडली आहे. 'सदर इसमाने विनापरवाना विमान उडवले.' सदर इसम म्हणजे मी. आणि सदर इसमाने विमान वळवायच्या दांड्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. सदर इसम जिथे बसला होता तिथे दांडाच नव्हता!

वाचकहो, तुम्हीच निवाडा करा. पहिल्यापासून सांगतो.

मी कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करतो. एकतीस वर्षं झाली. असा हात असलेल्या माणसाला दोन सीटचं छोटं विमान बांधणं काय अवघड? मोटर तीच, पट्टा तोच, फक्त टबाच्या जागी पंखा! बायकोला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "आधी आपल्या घरातलं यंत्र बघा. थरथरत थरथरत न्हाणीघरातून निघतं आणि कपडे धुऊन होईपर्यंत दारात येऊन उभं राहतं. परवा पोस्टमन दचकला."

बायकांना तंत्रातलं कळत नाही!

विमानाचा सांगाडा मला आयता मिळाला. चित्रकलेचे एक मास्तर होते. त्यांनी थोडंफार बांधून ठेवलं आणि एके दुपारी, हातात पाना असतानाच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या पत्नीने लाकडी फासळ्या, इंजिन, नोंदवही, हत्यारांची पेटी, सगळं माझ्या हवाली केलं. फक्त फाटकापाशी मला थांबवलं.

"भावोजी, चुका करू नका हं. यांना चुका बघवत नसत."

"वहिनी, एकतीस वर्षं..."

"करू नका," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

घरामागे माझी शेड आहे आणि शेडला लागून गवताची धावपट्टी. तिथे मी सात वर्षं खपलो. फासळ्या चिकटवल्या, कापड ताणलं, शेपटीची तडकलेली बिजागरी दुरुस्त केली. उडवण्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे तरुणपणापासून आहे. पण यंदा त्यावर सही करताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ही शेवटची. पुढच्या खेपेला मी सही करणार नाही." म्हणजे माझं विमान मला उडवायचं असेल तर याच वर्षी. नाहीतर कधीच नाही!

मी घाई सुरू केली, आणि तिथूनच ते सुरू झालं.

नट आवळून झाला की नट आणि बोल्ट दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढायची असते. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. मास्तरांच्या जुन्या रेघा लाल होत्या. मी पिवळा रंग घेतला. कोणतं काम कुणाचं ते कळायला हवं ना!

एक दिवस जेवून, वामकुक्षी करून चार वाजता शेडमध्ये आलो. डाव्या पंखाच्या मुळाशी माझी पिवळी रेघ तुटली होती. नट पाव फेरा पुढे गेला होता आणि त्यावर लाल रेघ होती. पट्टीने ओढल्यासारखी सरळ. ओली!

मी बायकोला हाक मारली. "शेडमध्ये कोण आलं होतं?"

"कोण येणार? कुलूप तुम्हीच लावलंत. किल्ली तुमच्या उशाखाली."

दुसऱ्या दिवशी तीन नट. तिसऱ्या दिवशी अकरा. सगळे पाव फेरा पुढे. मी मास्तरांची पेटी उघडली. लाल रंगाचा डबा होता, पण रंग वाळून दगड झाला होता. स्क्रू ड्रायव्हर मारला तर टणकन आवाज आला. माझ्या पाठीवरून मुंगी गेल्यासारखं झालं. मी मागे पाहिलं. शेड रिकामी होती. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि विमानाचं सुकाणू एका बाजूला वळून थांबलं होतं, कुणी मान वळवून बघावं तसं.

पण मला भीतीपेक्षा राग आला! माझ्या शेडमध्ये, माझं काम, दुसरा कुणी तपासतो?

मी सापळा लावला. जमिनीवर टाल्कम पावडर पसरली आणि एक नट मुद्दाम हाताने फिरेल इतका ढिला ठेवला. चार वाजता पावडरीवर पावलाचा ठसा नाही. नट मात्र घट्ट, लाल रेघ ओली आणि माझे सगळे पाने भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले! आमच्या घरात वस्तू जागेवर ठेवणारं माणूस नाही. म्हणजे हा घरातला नव्हे.

"नवी पावडर होती ती!" बायको दारातून ओरडली. तिला तेवढंच दिसलं.

मी तडक मास्तरांच्या घरी गेलो. "वहिनी, मास्तर दुपारी झोपायचे का हो?"

"छे! एक ते चार वह्या तपासायचे. सुट्टीतसुद्धा. लाल शाईने." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "चुका केल्यात ना?"

केल्या होत्या. आता लपवून काय उपयोग? धुण्याच्या यंत्राचे आटे पातळ असतात. पूर्ण आवळलं की आटे जातात. म्हणून आमच्या धंद्यात नट पाव फेरा मागे सोडतात. एकतीस वर्षांची सवय. मी अख्खं विमान पाव फेरा ढिलं बांधलं होतं. (आमचं यंत्र न्हाणीघरातून चालत का येतं, ते त्या दिवशी कळलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

अशात तुमचा तपासनीस आला. बारीक माणूस, जाड वही. दोन दिवस तो नट मोजत होता.

"एकूण सहाशे अडतीस. पिवळे दोनशे अकरा. लाल चारशे सत्तावीस. लाल कोणाचे?"

"मास्तरांचे."

"नियम माहीत आहे? घरी बांधलेल्या विमानाचं अर्ध्याहून जास्त काम ज्याच्या हातचं, तो बांधणारा. पहिलं उड्डाण त्यानेच करायचं. हे मास्तर कुठे असतात?"

इथे मी गाढवपणा केला. सरळ माणूस, खरं बोलून गेलो. "इथेच असतात. दुपारी एक ते चार."

त्याने लिहून घेतलं. वेळेसकट!

महिन्याने परवाना आला. बांधणारा आणि वैमानिक: मास्तर. प्रवासी: मी.

मी धावत तुमच्या खिडकीवर आलो. आठवतंय ना, साहेब?

"अहो, मास्तर वारलेत!"

"नोंद नाही. त्यांचं उडवण्याचं प्रमाणपत्र चालू आहे. तुमचंच एकवीस दिवसांत संपतंय."

"मृत्यूचा दाखला आणून देतो."

"द्या की. मग बांधणारा मयत म्हणून फाइल पुन्हा उघडेल. आठ महिने."

म्हणजे मास्तर मेले तर मी उडणार नाही, आणि जिवंत असले तर मास्तरच उडणार! काय करावं माणसाने?

मी ठरवलं की निदान विमानात बसायचं. इंजिन चालू करायचं, आवाज ऐकायचा आणि उतरायचं. मागच्या सीटवर बसलो, कारण परवान्यात माझी जागा तीच. वजन कमी करायला तिथला दांडा मी कधीच काढून टाकला होता. बायकोने पुढचा पंखा फिरवला. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. एवढीच माझी चूक! मी घड्याळ पाहिलं नव्हतं.

इंजिन धडधडलं. पुढच्या सीटवरचा पट्टा, जो लोंबत होता, तो आपोआप ताणला गेला आणि खटकन बसला. मला रंगाचा वास आला. ओल्या, लाल रंगाचा.

"अहो, पुरे!" बायको ओरडली. विमान मात्र चालू लागलं. गवत मागे पळू लागलं, खडखड थांबली आणि खाली आमची शेड काडेपेटीएवढी झाली. पुढचा दांडा हळूच डावीकडे गेला, हळूच उजवीकडे. सहाशे अडतीस नटांपैकी एकही कुरकुरला नाही. सात वर्षं मी याचीच वाट पाहत होतो. आणि खरं सांगतो, मी डोळे घट्ट मिटून घेतले.

उघडले तेव्हा चाकं गवतावर होती. बायको धावत आली. रडत होती आणि हसतही होती.

"हात काय हलवत होतात वरून! पडला असतात म्हणजे?"

"मी नाही हलवला. मी दोन्ही हातांनी सीट धरली होती."

ती पुढच्या सीटकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "माणूस व्यवस्थित दिसतोय. आपलं धुण्याचं यंत्र बघतील का, विचारा."

नोंदवहीत त्या दिवसाची नोंद मी केलेली नाही. ती आधीच झाली होती, सुवाच्य अक्षरात. उड्डाण अकरा मिनिटं. शेरा लाल शाईत: 'काम ठीक. प्रवाशाने डोळे उघडे ठेवावेत.'

साहेब, वहीचं ते पान सोबत जोडलं आहे. माझ्या प्रमाणपत्राचे नऊ दिवस उरलेत. एकदा, फक्त एकदा, मला पुढच्या सीटवर बसून डोळे उघडे ठेवून उडायचं आहे. तेव्हा लेखी सांगा. त्या उड्डाणाचा वैमानिक मी होतो म्हणता, तर मी परवाना कुठून दाखवू? तो तर मास्तरांच्या नावाचा आहे. आणि वैमानिक मास्तर होते, तर नोटीस मला का? उत्तर द्या!

आणि उत्तर घेऊन माणूस पाठवणार असाल तर सकाळीच पाठवा. दुपारी एक ते चार मी शेडकडे फिरकत नाही. हल्ली ते माझ्या धंद्याची बिलबुकंसुद्धा तपासायला लागलेत.