माफीची वही

मूल्यशिक्षणाच्या बाईंनी चौथीच्या वर्गात माफीची वही सुरू केली आणि आठवड्याभरात शाळेतली एकही वस्तू जागेवर राहिली नाही.

कल्पना तशी सरळ होती. रोज आपली एक चूक आठवायची, ज्याला त्रास झाला त्याची माफी मागायची आणि वहीत त्याची सही घ्यायची. शनिवारी मुख्याध्यापक वह्या बघणार होते. पसंत पडल्या तर ठीक, नाहीतर बाईंचा तास गणिताला जाणार होता. त्या तासावर बाईंचा जीव होता आणि गणिताच्या सरांचा डोळा.

सोमवारी पहिल्या बाकावरच्या मुलीची वही कोरी निघाली.

"बाई, माझी चूकच झाली नाही."

ती खरं बोलत होती. चार वर्षांत तिने साधी पट्टीसुद्धा खाली पाडली नव्हती. पण नियम म्हणजे नियम. बाईंनी लाल पेनाने शेरा मारला, 'प्रयत्न कमी. सुधारणा हवी.' तिच्या आयुष्यातला तो पहिला वाईट शेरा. पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मंगळवारी तिने शिपाईकाकांच्या चपला लपवल्या आणि पाच मिनिटांत माफी मागून सही मिळवली. बुधवारपर्यंत युक्ती वर्गभर झाली. कुणी खडू भिजवले, कुणी घंटेचा हातोडा पळवला. घंटा नाही म्हणून मधली सुट्टी संपेना. शिपाईकाका दिवसभर अनवाणी सह्या करत बसले.

"पोरं फार गुणी झालीत, बाई," ते म्हणाले. "फक्त माझी डावी चप्पल तेवढी शोधायला सांगा."

शनिवारी मुख्याध्यापक खुर्चीत बसून वह्या चाळू लागले. बाई समोर जीव मुठीत धरून उभ्या होत्या.

"दोनशेच्या वर माफ्या. वा, बाई, वा." मुख्याध्यापकांनी शेवटची वही उघडली. "ही आजचीच दिसते. 'मुख्याध्यापकांच्या खुर्चीला डिंक लावला.' किती प्रामाणिक..."

सर वाचता वाचता थांबले, मग उठायला गेले. खुर्चीही उठली.

"सर, सही राहिली," पहिल्या बाकावरची मुलगी दारातून नम्रपणे म्हणाली.

तास गणिताला गेला. सोमवारी बाई वर्गात आल्या त्या पोरीला चांगलं फैलावर घ्यायला. पण समोर तिची वही उघडी होती आणि पहिल्याच पानावर त्यांचं स्वतःचं लाल अक्षर. बाईंचा राग तिथेच ओसरला.

"त्या दिवशी तुझी कोरी वहीच बरोबर होती गं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. माफ कर मला."

"असं तोंडी चालत नाही, बाई." मुलीने वही पुढे सरकवली. "तारीख घाला. चूक नीट लिहा."

बाईंनी निमूटपणे लिहिलं. मुलीने सही केली, जरा विचार केला, बाईंचंच लाल पेन मागून घेतलं आणि सहीखाली शेरा मारला.

'प्रयत्न चांगला. अजून सुधारणा हवी.'