प्लॉट नंबर चारचा श्वास

आमच्या केंद्रातली माती श्वास घेते. हे मी म्हणत नाही, फाटकावरची पाटी म्हणते. पाटी रंगवायला वरून मंजुरी लागते, तेव्हा ते खरंच असणार. हे पुनरुज्जीवन शेतीचं संशोधन केंद्र. इथे नांगर चालवत नाहीत, जमीन उघडी ठेवत नाहीत, आणि मातीबद्दल बोलताना आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं हळू बोलतात. मी इथला उपकरण तंत्रज्ञ. हंगामी. किती हंगाम झाले ते विचारू नका, माझं डोकं फिरतं.

माझ्याकडे श्वासमापक सांभाळायचं काम आहे. नाव भारी, वस्तू साधी. जमिनीवर पालथं घातलेलं स्टीलचं घमेलं, त्याला लांबलचक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, शेडमध्ये, एक डबा. मातीतले जीवजंतू श्वास सोडतात, डबा तो मोजतो आणि आकडा दाखवतो. आकडा बाराच्या आसपास असला की माती ठणठणीत आहे असं समजायचं. आमच्या सगळ्या प्लॉटचे आकडे बाराच्या आसपासच होते. कुणाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

एका सकाळी प्लॉट नंबर चारचा आकडा एक्क्याऐंशी झाला.

उपकरण बिघडलं असं समजून मी पाना-पकड घेऊन धावलो. घमेलं उचललं, तर आत पाचोळ्याची मऊ गादी आणि तिच्यावर एक उंदरीण, पिल्लांसकट. सगळं खटलं निवांत श्वास घेत पडलं होतं. मी घमेलं हळूच जागेवर ठेवलं आणि तडक संचालकांकडे गेलो. तिथे अभिनंदनाचे पुष्पगुच्छ माझ्याआधी पोचले होते.

"साहेब, तो आकडा मातीचा नाही. घमेल्यात उंदीर आहेत."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "उंदीर हे उपकरण आहे का?"

"नाही, साहेब."

"मग उपकरण तंत्रज्ञ त्यावर मत कसं देतो? तुम्ही उपकरणाचं बोला. ते बिघडलंय?"

"नाही. उत्तम चाललंय."

"मग झालं तर!"

उंदीर जैवविविधता विभागाकडे वर्ग करण्यात आला. त्या विभागाच्या बाई आल्या, घमेल्यापाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हा उंदीर आलेला नाही," त्या म्हणाल्या, "हा परतलेला आहे. माती कुठे संपते आणि उंदीर कुठे सुरू होतो, हे तुम्ही सांगू शकाल का?"

"शेपटीपासून, बाई," मी म्हणालो. मला बाहेर थांबायला सांगण्यात आलं.

आता माझ्या घरचं सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला नावं ठेवाल. आम्ही नवराबायको मेहुण्याच्या घरी राहतो, जिन्याखालच्या खोलीत. मी ताठ उभा राहिलो की डोकं पायरीला लागतं. नोकरीत कायम झालो की केंद्राचं क्वार्टर मिळणार. बायकोने त्या क्वार्टरसाठी पडदे शिवून ठेवलेत. पडदे आहेत, खिडकी नाही. मेहुणा रोज जेवताना विचारतो, "काय भावोजी, तुमची माती कशी आहे? ताप उतरला का?" आणि बायको मान खाली घालून जेवते. मला तेव्हा त्याचा राग येत नाही, मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात सरकवतो.

तर, प्लॉट चार एक्क्याऐंशीवर आणि बाकीचे बारावर. ही तफावत संचालकांना खटकली. 'इतर प्लॉटची कामगिरी प्लॉट चारच्या पातळीवर आणावी' असा आदेश निघाला. मी निमूटपणे गोदामातून उंदीर पकडून एकेका घमेल्याखाली सोडले. आठवड्याभरात सगळे प्लॉट ऐंशीच्या वर. उंदरांनी पेरलेलं बी खाल्लं, म्हणून उगवण झाली नाही. उगवण झाली नाही याचा अर्थ माती विश्रांती घेते आहे, असं बाईंनी कळवलं. विश्रांतीतही इतका श्वास घेणारी माती जगात दुसरी नाही, असं संचालकांनी त्याखाली जोडलं.

उंदीर आले म्हणताच मागोमाग साप आला. बाई तर हरखूनच गेल्या, सापाचा फोटो केंद्राच्या दर्शनी भिंतीवर लागला. सापाने मात्र कुणाची भीड न ठेवता घमेल्यांखालून घमेल्यांखाली फिरत सगळी कामगिरी गिळून टाकली. मग तो सुस्त होऊन कालव्याकडे निघून गेला. आकडे परत बारावर आले. आणि त्याच दुपारी मूल्यमापन समिती यायची होती.

संचालक शेडमध्ये धावत आले. मी त्यांना धावताना पहिल्यांदाच पाहिलं. "काहीतरी करा हो! माती मेली!"

"मेली कुठे साहेब? बारा आहे. चांगल्या मातीचा बाराच असतो."

"समितीला एक्क्याऐंशी कळवलंय!" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्हाला कायम करायची फाइल याच समितीपुढे आहे. तुम्ही तंत्रज्ञ आहात. तंत्र काढा."

मी डब्याकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. डोळ्यांसमोर जिन्याखालची खोली आली, पडदे आले, मेहुण्याचं ते 'काय भावोजी' आलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण प्लॉट चारची नळी मधूनच सोडवली, डब्याकडचं टोक तोंडाला लावलं आणि फुंकलं.

आकडा सत्त्याऐंशी.

समिती शेताच्या बांधावर उभी होती. तिथे मोठा पडदा लावून आकडा दाखवला जात होता. मी शेडमध्ये गाल फुगवून बसलो होतो. समितीचे अध्यक्ष गुडघे टेकून खाली वाकले, जमिनीला कान लावला आणि म्हणाले, "ऐकू येतंय! स्पष्ट ऐकू येतंय!" बाकीच्यांनाही लगेच ऐकू येऊ लागलं. एवढ्यात मला शिंक आली. आकडा एकदम एकशे चाळीसवर गेला.

"तिने आपल्याला ओळखलं," अध्यक्ष गदगदून म्हणाले.

मी कायम झालो. क्वार्टर मिळालं, शेडला लागूनच, आणि नळी खिडकीतून थेट स्वयंपाकघरात आणून दिली. आता आकडा सगळ्या जगाला अखंड दिसतो, त्यामुळे खाडा करून चालत नाही. मी दमलो की बायको फुंकते, तीसुद्धा नव्या पडद्याआड बसून, अगदी खुशीत. आमचं भांडण झालं की आकडा शंभरावर जातो आणि अभिनंदनाचे निरोप येतात. मेहुण्यालाही मी चिकटवून घेतलंय, रोजंदारीवर. परवा धापा टाकत मला म्हणाला, "भावोजी, दोन मिनिटं बसू का?" मी म्हटलं, "माती बसते का कधी?"

आता केंद्राने पिठाची पाकिटं बाजारात आणली आहेत. आमच्याकडे काही उगवत नसल्याने पीठ बाहेरून येतं, पण पाकिटाच्या मागे 'मातीचा श्वास : ८७' असं ठळक छापलेलं असतं. तो श्वास माझा. मध्यंतरी त्र्याण्णव छापलं होतं, तेव्हा मला सर्दी होती.

आता तुम्ही मला हसाल, संचालकांना शिव्या घालाल. खुशाल घाला. पण एक सांगतो. माझं मन मला खात होतं, म्हणून मी एकदा हट्टाने खऱ्या आकड्याची पाकिटं काढायला लावली. तेच बाहेरून येणारं पीठ, शेजारच्या एका साध्यासुध्या शेतातलं, आणि ती माती जेवढा घेते तेवढाच श्वास पाकिटावर छापलेला : १२. दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी-शेजारी ठेवली आणि मी मुद्दाम कोपऱ्यात उभा राहिलो.

तुम्ही आलात. बाराचं पाकीट उचललंत, उलटं करून वाचलंत, नाक मुरडलंत आणि जागेवर ठेवून दिलंत. मग सत्त्याऐंशीचं पिशवीत टाकलंत.

घरी पाहुण्यांना म्हणे सांगितलंत, की चवीतच फरक कळतो.