या जेवाले

साकोलीला येऊन आठ दिवस झाले, तरी मंगलाबाईंशी कोणी धड बोललं नव्हतं. मुलाला, संघपालला, इथे नोकरी लागली म्हणून अड्याळचं घर बंद करून त्या हायवेलगतच्या भाड्याच्या खोलीत आल्या होत्या. दिवसभर दारात बसून ट्रक बघायचे आणि एखादी शेजारीण थांबते का याची वाट पाहायची.

नवव्या दिवशी सकाळी त्या ताट घेऊन बसलेल्या असताना समोरच्या घरातली रिता दारावरून गेली. मंगलाबाई सवयीने म्हणाल्या, "या जेवाले." अड्याळला हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं असतं आणि त्याने "झालं आमचं" म्हणत पुढे जायचं असतं. रिता थांबली.

"संध्याकाळी आलो तं चालन का काकू? आमी पाच जन हावो."

मंगलाबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. पण बोलणारी पहिलीच शेजारीण, तिला नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी भात कसाबसा पुरणार होता, वरण पुरेना. मंगलाबाईंनी त्यात दोन तांबे पाणी ओतलं. मग लक्षात आलं, घरात ताटं दोनच. मागायला समोर गेलेला संघपाल हात हलवत परत आला. त्यांची ताटं म्हणे पोत्यात बांधलेली. सहकुटुंब जेवायला यायचं आणि ताटं पोत्यात! मंगलाबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी वरणात आणखी एक तांबा ओतला.

रिता, तिचा नवरा आणि तीन मुलं परातीत, झाकणात, कुकरच्या डब्यात पोटभर जेवली. नंतर रिता स्वतःच भांडी घासायला बसली. तिने अड्याळची चौकशी केली, गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगितलं. आठ दिवसांचं साचलेलं बोलणं तासाभरात मोकळं झालं. मंगलाबाईंना त्या तिसऱ्या तांब्याची फार लाज वाटू लागली.

"उद्या पन या जेवाले," त्या म्हणाल्या. आता मात्र त्या खरंच बोलावत होत्या.

रिताचा हात थांबला. "सकाळी तुमी रीत म्हनून म्हटलं होतं, मले समजलं होतं काकू. पन गॅस परत केला, भांडे बांधले, लेकरं उपाशी. म्हनून आलो. उद्या सकाळी ट्रक येऊन राहिला. घरवाल्याची बदली झाली."

मंगलाबाईंनी दारातून समोर पाहिलं. आठ दिवस त्या वाट बघत दारात बसल्या होत्या, आणि समोरचं दार तर दहा पावलांवर होतं.