ऊर्जेच्या पाठात न मिळालेलं उत्तर

या, जरा जवळ सरका. ऊर्जेच्या एका पाठाची गोष्ट सांगतो. फार मोठी नाही, पण ऐकून जा.

शिक्षक होऊ घातलेल्या एका माणसाचा तो शेवटचा सराव पाठ होता. याआधी दोनदा नापास झालेला. आजचा पाठही गेला की वर्षच गेलं. वयाने मोठा म्हणून अध्यापक विद्यालयात सगळे त्याला दादा म्हणत. इयत्ता तिसरी, विषय ऊर्जा. पाठाच्या टाचणात त्याने डावीकडे आपले प्रश्न आणि उजवीकडे मुलांची अपेक्षित उत्तरं घोटीव अक्षरात लिहिली होती. आधी मैदानाला दोन फेऱ्या, मग प्रश्न: ‘कसं वाटतंय?’ उत्तर: ‘सर, आम्ही दमलो.’ पुढचा सगळा पाठ या उत्तरावर उभा. परीक्षक बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या.

फेऱ्या झाल्या.

"कसं वाटतंय?"

"मस्त."

"दमला नाहीत?"

"छे. अजून दोन मारू, सर?"

दादाने टाचण पाहिलं. त्यात ‘मस्त’ कुठेच बसत नव्हतं. त्याने आणखी दोन फेऱ्या दिल्या आणि मुलांनी नीट पळावं म्हणून स्वतःही पुढे पळाला. मग वीस उड्या, त्याही स्वतः मारून दाखवून. मग जिना वर-खाली. शेवटी बाकं व्हरांड्यात न्यायचं काम काढलं. मागच्या बाकापाशी येऊन चौघी जणी म्हणाल्या, "बाई, तुम्ही बसूनच राहा. नेतो आम्ही."

बाई उठल्या. "पाच मिनिटं राहिलीत," एवढंच म्हणाल्या.

दादा खुर्चीत कोसळला. शर्ट चिंब, नुसता धापा टाकत. मुलं भोवती जमली.

"सर दमले वाटतं."

"मग त्यांची ताकद गेली कुठे?"

"संपली."

"अशी कशी संपेल? हात लावून बघ. केवढे तापलेत."

एकेकाने सरांच्या कपाळाला हात लावला, मग आपापल्या गालांना.

"माझाही गाल तापलाय."

"म्हणजे पळायची ताकद गरम होऊन बाहेर पडतेय."

दादा काहीतरी सांगायला उठू लागला. बाईंनी हातानेच त्याला बसवलं. "तुम्ही बोलू नका. पाठ छान चाललाय."

बाईंच्या वहीत शेरा होता: ‘ऊर्जा संपत नाही, रूप बदलते, हे मुलांनी स्वतः शोधले. शिक्षकाने मध्ये बोलून व्यत्यय आणला नाही. उत्तीर्ण.’

तुमचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेणारं कुणीतरी असेलच. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्यांचंही नाव घ्या. तुम्ही उड्या मारत घरी गेलात, तेव्हा ते माणूस खुर्चीत बसून धापा टाकत होतं.