कुंकू न टिकवणारं बोरेट

परळच्या एका संशोधन संस्थेत दसऱ्याला यंत्रपूजा होते. त्यात गैर काही नाही. हार घातल्याशिवाय यंत्राची वॉरंटी सुरू होत नाही, अशी तिथल्या संचालकांची, परुळकर सरांची, धारणा आहे.

यंदा तिथल्या तरुण संशोधक दर्शनाचा जीव टांगणीला होता. प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये महिनोन्महिने खपून तिने चिमूटभर नवं बोरेट, म्हणजे बोरॉनचं संयुग, घडवलं होतं. अतिनील दिव्याखाली ते हिरवं चमके. त्याच उजेडात ते पाण्यातला रंगही नष्ट करतं, हे सिद्ध झालं तरच फेलोशिपला मुदतवाढ मिळणार होती. पण चाचणीला दिवा मिळावा हा तिचा अर्ज परुळकरांच्या टेबलावर निवांत झोपला होता.

पूजेत शिपाई गुणाजींनी प्रेसला हार घातला आणि उरलेलं कुंकू बोरेटच्या पाणीभरल्या बशीत सोडलं.

"अहो गुणाजीमामा, सँपल आहे ते!"

"बाय, या मशीनआईची ओटी भरायची नि तिच्या पोराला कोरडं ठेवायचं?"

पाहुण्यांना चमक दाखवायला परुळकरांनी स्वतः अतिनील दिवा लावला. तो बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हे न ठरल्याने तो रात्रभर जळत राहिला.

सकाळी बशीतलं पाणी नितळ.

"रंग गेला, सर! सिद्ध झालं!"

"दसऱ्याचं कुंकू गेलं," परुळकर पांढरे पडले, "आणि तू नाचतेस?"

समिती नेमली गेली. चोरीचा संशय नको म्हणून समितीने रोज नवं कुंकू टाकलं, दिवा लावला, खोलीला सील ठोकलं. रोज कुंकू गायब. शेजारी बिनबोरेटची बशी ठेवली, तिच्यातलं शाबूत. दर्शनाला वर्षभर न मिळालेली चाचणी समितीने साक्षीदारांसह करून दिली. ती गुपचूप आलेख काढत राहिली.

अहवाल आला: 'सदर पदार्थ स्वभावतः मांगल्यास प्रतिकूल असून तो अंधाऱ्या कपाटात ठेवावा.'

"आणि माझी मुदतवाढ, सर?"

"मंजूर! अट एकच. पुढचं बोरेट कुंकू टिकवणारं हवं."

"म्हणजे काहीच न करणारं?"

"अगदी! संस्थेच्या परंपरेत चपखल बसेल."

दर्शनाने अटीखाली सही केली.

हसताय ना? मग जरा आपल्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघा. दसऱ्याला लावलेला कुंकवाचा ठिपका अजून शाबूत आहे? अभिनंदन. समितीच्या निकषानुसार तुमचीही मुदतवाढ मंजूर.